यावेळी एकटेच?

चष्म्याचा नंबर काढून घ्यायला येणारी माणसं खोटं बोलतात. मुद्दाम नव्हे. समोरच्या पाटीवरची शेवटची ओळ दिसत नसली तरी ती वाचतात. 'प' असेल, 'ष' असेल, असा अंदाज करून ठोकून देतात आणि मग आपल्याला खरंच दिसलं होतं अशी स्वतःची समजूत घालून घेतात. जन्मभर मी हेच काम केलं. माणसाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही आणि तोंडावर तर अजिबात नाही, हे मला माझ्या दुकानाने शिकवलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे ते मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला खुर्चीत बसवून आधी त्याचे डोळे तपासले असते.

बायको शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिला प्राण्यांचं वेड होतं, पण वाघ-सिंहांचं नाही. ती म्हणायची, त्यांना भाव देणारे पुष्कळ आहेत. तिला आवडायचे ते विचित्र, ओशाळवाणे, निसर्गाने घाईघाईत उरकल्यासारखे प्राणी. आणि त्या प्रत्येकात तिला माझे नातेवाईक दिसायचे. उंटाचा फोटो पाहिला की, "अगदी तुमच्या थोरल्या काकांसारखा बघतोय. जेवायला बोलावलं नाही म्हणून रुसलेत." "माझ्या माहेरचं कुणी कसं दिसत नाही यात," असं स्वतःच म्हणून हसायची.

निवृत्त झाल्यावर तीन ठिकाणं बघायची, असं तिने ठरवलं होतं. भांडी विसळताना ती ते पाढ्यासारखं म्हणायची, आधी पक्षी, मग मासे, मग कासव. मी मान डोलवायचो. दुकान सोडून जगाच्या पाठीवर कुठेतरी कासव बघायला जायचं, हे मला पटत नव्हतं, पण तिच्याबरोबर मी गेलो असतो.

एका सकाळी वर्गात फळ्यावर बेडकाचं हृदय काढता काढता ती खाली बसली. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. तिचे डोळे मीच मिटले. पुढचंही सगळं माझ्या हातानेच झालं. लोक म्हणाले, मोठा धीराचा माणूस. धीर वगैरे काही नव्हता. दात काढायच्या आधी सुई टोचतात आणि मग गाल आपला राहत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. जेवण गिळत होतो, गिऱ्हाइकांशी बोलत होतो. पुढे पुढे दुकानही नको झालं. ते विकलं, दुकानातल्या आणि घरातल्या फोनच्या तारा काढून टाकल्या, आणि मुलीला सांगितलं की आईची ती तीन ठिकाणं जरा फिरून येतो. तिला बरंच वाटलं. "जा बाबा," ती म्हणाली, "आईचंही पाहून व्हायचं राहिलं होतं."

तिच्या आईला जाऊन तेव्हा दुसरं वर्ष सुरू होतं.

पक्ष्यांचं गाव समुद्रात घुसलेल्या एका सुळक्यावर होतं. झाडं नाहीत, नुसतं आखूड गवत आणि वारा. घरं ठेंगणी, छपरांवर दगड ठेवलेले. अल्बट्रॉस नावाचा तो थोराड पांढरा पक्षी तिथे लोकांच्या अंगणात घरटं करतो. पंख पसरले तर दोन माणसं आडवी झोपतील एवढा. आकाशात राजासारखा, आणि जमिनीवर मात्र फजिती. उडायचं झालं की गल्लीतून धडपडत पळत सुटतो. शाळेत जाणारी पोरं त्याला वाट देतात.

मी एका घरात खोली घेतली होती. घरमालकीण साठीची, गुडघ्यांनी अधू, पण आवाज खणखणीत. तिने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंडभर हसली.

"या या. यावेळी एकटेच?"

मला वाटलं, सगळ्याच पाहुण्यांना ती असं म्हणत असेल. मी हो म्हणालो. जिना चढताना ती सांगत होती की खोली तीच ठेवली आहे, खिडकी अजूनही करकरते, बाईंना वाऱ्याने झोप लागली नव्हती म्हणून यावेळी जाड पडदा लावून घेतला आहे. मग वर पोचल्यावर थांबून तिने विचारलं, "बाई मागून येतायत का?"

मी तिला शांतपणे सांगितलं की तिची काहीतरी गफलत होते आहे. मी इथे पहिल्यांदा येतो आहे. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलंय आणि ते विचारायचं नसतं, असा चेहरा करून ती खाली निघून गेली.

मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. माझ्यासारखा माणूस कुठेही असू शकतो. मध्यम उंची, टक्कल, चष्मा. बाजारात असे पोत्याने मिळतात. मागच्या हंगामात कुणी जोडपं येऊन गेलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन आली आणि अंगणाकडे बोट दाखवून म्हणाली, "आत्याबाई परत आल्यात. बघा, तुम्हाला ओळखतात का."

मी विचारलं, कोण आत्याबाई?

मग तिने सांगितलं. ते नाव बाईंनीच ठेवलं होतं. साहेबांची एक धाकटी आत्या होती म्हणे. कुठे निघायची म्हणजे आधी पळापळ, मग पडापड, आणि एकदा निघाली की मागे वळून बघायची नाही. तो पक्षी उडायला धावायला लागला की बाई हसून हसून खाली बसायच्या. गावात आता सगळेच त्या पक्ष्याला आत्याबाई म्हणतात.

माझी धाकटी आत्या अशीच होती. तिला जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. तिच्या त्या निघण्याची नक्कल माझ्या बायकोशिवाय कुणी करत नसे, आणि तीही फक्त स्वयंपाकघरात.

मी चहा तसाच ठेवून अंगणात गेलो. पक्षी घरट्याशेजारी उभा होता. घरमालकिणीने मला आधीच बजावलं होतं की हा परक्या माणसाला जवळ येऊ देत नाही, चोच फार लागते. मी दूरच थांबलो. पक्ष्याने मान वळवली, डोकं तिरकं करून एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं, आणि तो माझ्याकडे चालत आला. फताडे पाय गवतावर आपटत. अगदी समोर येऊन त्याने मान उंच केली आणि चोच खडखड वाजवली. जोडीदार समुद्रावरून परत आला की ते असं करतात. बायकोने मला ते करून दाखवलं होतं, जेवणाच्या टेबलावर, दोन चमचे घेऊन.

मग तो थांबला. माझ्या बाजूने मान लांब करून त्याने माझ्यामागे पाहिलं. फाटकाकडे. पुन्हा चोच वाजवली आणि वाट पाहत उभा राहिला. मीही वळून पाहिलं. फाटक लावलेलं होतं. पक्षी बराच वेळ तसाच उभा होता. मी आत निघून गेलो तरी तो फाटकाकडेच बघत होता.

संध्याकाळी मुलीला फोनवर हे सांगितलं. तिने विचारलं की मी गोळ्या वेळेवर घेतोय ना. घेत होतो. पासपोर्ट काढून पाहिला. त्यावर त्या देशाचा शिक्का एकच होता, या वेळचा. घरमालकिणीला फोटो आहे का म्हणून विचारलं तर ती म्हणाली, लोक इथे पक्ष्यांचे फोटो काढतात, पाहुण्यांचे कोण काढणार. उत्तर चोख होतं.

तिथून मी माशांच्या गावी गेलो. त्यामागे शोध घ्यायचा वगैरे विचार नव्हता. पुढचं तिकीट काढलेलं होतं म्हणून गेलो.

हे गाव समुद्रापासून खूप आत, चुनखडीच्या टेकडीला टेकून वसलेलं होतं. मुख्य रस्त्यावर लोखंडी सामानाचं एक दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, साखळ्या, कुलपं. त्या दुकानाच्या तळघरात एक विहीर आहे आणि विहिरीत पांढरे मासे आहेत. त्यांना डोळेच नसतात. पिढ्यान्‌पिढ्या काळोखात राहिल्यावर डोळ्यांची गरज उरली नाही. डोळ्यांच्या जागी नुसती सपाट कातडी. दुकानातून काही घेतलं की मालक तळघर दाखवतो. मी एक कुलूप घेतलं.

दुकानदार काउंटरमागे वाकून काहीतरी शोधत होता. मान वर करून म्हणाला, "अरे, साहेब. खोकला कसा आहे आता?"

मला खोकला नव्हता. तसं मी सांगितलं.

"वा. म्हणजे उतार पडला. मागच्या खेपेला पायऱ्यांवर तुम्हाला बसावं लागलं होतं. बाई घाबरल्या होत्या." त्याने माझ्या मागे दाराकडे पाहिलं. "त्या नाही आल्या?"

मागची खेप कधीची, असं मी विचारलं. दोनेक महिने झाले असतील, असं तो म्हणाला.

माझं लक्ष त्याच्या चष्म्याकडे होतं. चष्म्याची काडी जिथे फ्रेमला जोडतात तिथला बारीक स्क्रू वरचेवर सैल होतो. तो हलू नये म्हणून मी एक युक्ती करायचो. स्क्रू बसवला की त्याच्या डोक्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचो. सगळे बिनरंगाचं वापरतात. मी बायकोचं वापरायचो, गंजासारख्या तांबूस रंगाचं, कारण तेच दुकानात पडलेलं असायचं. दुकानदाराच्या चष्म्याला डाव्या बाजूला तोच ठिपका होता. मोहरीएवढा, किंचित तिरपा. माझा हात तिथे नेहमी तिरपा पडतो.

त्याने माझी नजर पाहिली आणि चष्म्याला हात लावला. म्हणाला, "अजून घट्ट आहे हो. तुम्ही पैसे पण घेतले नाहीत."

माझी हत्यारांची छोटी पेटी प्रवासात माझ्याबरोबर असते, सवय म्हणून. खोलीवर गेल्यावर मी ती उघडली. नेलपॉलिशची बाटली होती. आतलं पॉलिश दगडासारखं वाळलेलं होतं. ती गेल्यापासून मी ती बाटली उघडली नव्हती.

तळघर मात्र त्याआधीच बघून झालं होतं. दुकानदार बल्ब हातात धरून पुढे उतरत होता आणि प्रत्येक वळणावर थांबून मागे बघत होता, मी बसतो की काय म्हणून. खाली ओल्या दगडाचा वास होता. पाणी इतकं स्वच्छ की ते आहे हे हात घातल्यावरच कळावं. तो म्हणाला, हात बुडवा आणि हलवू नका. त्यांना माणसाची चव कळते. मागच्या वेळी तुम्हा दोघांच्या हातांभोवती कशी गर्दी केली होती, आठवतं ना?

मी हात पाण्यात सोडला. माझ्या धंद्याला इथे गिऱ्हाईक नाही, असा एक विनोद मनात आला. ती असती तर मी तो केला असता.

मासे खालून वर आले. पांढरे, बोटाएवढे, आतलं सगळं दिसेल असे. माझ्या हाताजवळ आले, तोंडं लावून गेले आणि बाजूला सरकले. माझ्या हातापासून वीतभर डावीकडे त्यांनी एक कडं केलं. दाट, नीटस कडं. मध्ये नुसतं पाणी होतं. मासे त्या पाण्याला तोंडं लावत होते, मागे होत होते, पुन्हा येत होते, पण मध्यभागातून एकही जात नव्हता.

दुकानदाराने बल्ब पाण्यावरून मागे घेतला. तो म्हणाला, "चला वर. दमट आहे इथे, परत खोकला व्हायचा."

वर आल्यावर तो माझ्याशी फार बोलला नाही. मी कुलूप तिथेच विसरलो तर त्याने ते मागून आणूनही दिलं नाही, दारातूनच हाक मारली.

त्या गावात मी आणखी राहणार होतो, पण सामान बांधलं. आता मात्र मी हिशोब करत होतो. पक्ष्यांकडे ती दोघं मागच्या हंगामात येऊन गेली. माशांकडे दोन महिन्यांपूर्वी. अंतर कमी होत होतं. कासव राहिलं होतं. घाई केली तर तिथे गाठ पडेल. कुणाशी, ते मी मनात उच्चारत नव्हतो. माझा चेहरा घेऊन, माझी हत्यारं चालवून, माझ्या बायकोसारख्या बाईला बरोबर घेऊन कुणी फिरत असेल तर त्याला समोरासमोर बघायचं, एवढंच. एखादा माणूस खोटी ओळ वाचत असेल तर त्याला पाटीजवळ नेऊन उभं करायचं असतं.

कासव एका उजाड माळावर होतं. तिथून एकेकाळी रेल्वे जात होती. आता रूळ उचलून नेले आहेत आणि स्टेशनाजवळचं विश्रामगृह तेवढं उरलं आहे. लांबलचक व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, फरशीचा लाल रंग चालून चालून उडालेला. आवारात एक कासव राहतं. घमेलं पालथं घालावं तसं नव्हे, छोटं टेबल चालत यावं तसं. रेल्वे यायच्या आधीपासून ते तिथे आहे म्हणतात. मानेखाली खाजवलं की ते चारी पायांवर उंच होतं, मान काढता येईल तितकी वर काढतं आणि डोळे मिटून उभं राहतं. ते बघायला लोक येतात.

विश्रामगृह चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. मी फाटकातून आत आलो तेव्हा त्या व्हरांड्यात शेंगा सोलत होत्या. त्यांनी मला पाहिलं. हसल्या नाहीत. हातातली शेंग तशीच धरून त्या बघत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "तुम्ही त्यांचे भाऊ का?"

मला भाऊ नाही, मी सांगितलं.

मावशी उठल्या, आत गेल्या, पाणी घेऊन आल्या. माझ्या हातात पेला देताना त्यांची बोटं माझ्या बोटांना लागू नयेत याची त्यांनी काळजी घेतली. मग समोरच्या पायरीवर बसून त्यांनी जे सांगितलं ते असं. मागच्या आठवड्यात एक बाई आल्या होत्या. एकट्या. शाळेत शिकवायच्या. नवरा नुकताच गेला होता त्यांचा. कुठल्याशा गावी मासे बघायला गेले, तिथे खोकला वाढला, घरी पोचल्यावर आठवडाही काढला नाही. मोठा छान माणूस होता, चष्म्याचं दुकान होतं. तीन ठिकाणं बघायची असं दोघांचं ठरलं होतं, दोन झाली, तिसरं राहिलं, म्हणून त्या एकट्याच आल्या. त्यांनी फोटो दाखवला होता.

"कसा होता फोटो?" मी विचारलं.

"तुमचाच होता," मावशी म्हणाल्या.

व्हरांड्यातून कासव दिसत होतं. ते भिंतीच्या सावलीतून उन्हाकडे निघालं होतं. मी उठून त्याच्याकडे गेलो. कशासाठी ते सांगता येणार नाही. कदाचित मला आणखी एक मत हवं होतं. मी त्याच्या वाटेत उभा राहिलो. कासवं अडथळा आला की थांबतात, मान आत घेतात, फुसफुसतात. हे थांबलं नाही. त्याचे डोळे उघडे होते, ओले, आणि ते माझ्या पलीकडच्या गवताकडे बघत होते. ते सरळ चालत आलं. त्याने पुढचा पाय उचलला आणि माझ्या पावलावर ठेवला. सगळा भार दिला. मग मागचा पाय. आणि पुढे गेलं.

बुटाचं कातडं दबून सपाट झालं होतं. मी बूट काढून पाऊल पाहिलं. त्यावर काही नव्हतं. दुखतही नव्हतं.

मावशी हे सगळं व्हरांड्यातून बघत होत्या. मी परत येऊन बसलो तेव्हा त्या म्हणाल्या की बाईंनी जाताना एक विनंती केली होती. वेडेपणा वाटेल तुम्हाला, असं म्हणून केली होती. पक्ष्यांच्या गावच्या घरमालकिणीशी बाई फोनवर बोलत असत. नवरा गेल्याचं कळवायला त्यांनी फोन केला, तर घरमालकीण म्हणाली, असं कसं, साहेब आत्ताच तर येऊन गेले. एकटेच होते. बाईंना राहवेना. तेव्हापासून जिथे जातील तिथे त्या सांगून ठेवत होत्या. असा माणूस आला तर मला कळवा.

"मग कळवा," मी म्हणालो.

मावशींनी मोबाईल काढून नंबर लावला. पडदा माझ्याकडे होता. नंबर माझ्या घरचा होता. मी ज्याच्या तारा काढून टाकल्या तो.

घंटा वाजत असल्याचं मला ऐकू येत होतं. मग ती थांबली.

"हॅलो. बाई, मी विश्रामगृहातली मावशी," मावशी म्हणाल्या. "आलेत. हो. समोरच बसलेत."

मी हात पुढे केला. मावशींनी फोन दिला. मी तो कानाला लावला. आवाज नव्हता. फोन बंद झाल्यावर जी शांतता असते तीही नव्हती. सामान हलवलेल्या खोलीत दार उघडून उभं राहिल्यासारखं काहीतरी होतं. मी तिला हाक मारली. दोनदा मारली. मग फोन परत दिला.

मावशी ऐकत होत्या. "नाही हो, बोलले ते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नाही ऐकू आलं?" मग बराच वेळ नुसतं हं, हं. फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "बाई निघतायत. तुम्हाला थांबवून ठेवायला सांगितलंय."

मी मुलीला फोन केला. आमच्या घरी जाऊन बघ म्हटलं. तिने का म्हणून विचारलं नाही, तिच्याकडे किल्ली होती, ती गेली. घरातूनच बोलली. कुलूप होतं. सगळीकडे धूळ आहे. फोन ठेवायच्या तिपाईवर फोनच नाही, तो आपण भंगारात दिला ना. आईचा फोटो भिंतीवर आहे. "बाबा, तुम्ही घरी या," ती म्हणाली. "मी न्यायला येऊ का?" मी म्हणालो, एक भेट आहे तेवढी उरकतो आणि येतो.

त्यानंतरचे दिवस मी व्हरांड्यात बसून काढले. रोज एक बस माळावरून जायची आणि मी तिला हात करू शकलो असतो. एकदा बॅगही भरली. पण कशासाठी पळायचं? मला भीती वाटत नव्हती. आनंदही होत नव्हता. ती येते आहे, हे वाक्य मी मनात म्हणून पाहायचो, परक्या भाषेतलं म्हणावं तसं. मावशींना अधूनमधून फोन येत. बाई विमानात बसल्या. बाई उतरल्या. बाईंची गाडी चुकली, आता उद्या. मावशी मला हे सांगायच्या आणि मग माझ्याकडे बघत राहायच्या. माझ्याजवळ काही राहिलं असेल तर त्या झाडूने पुढे ओढून घेत.

त्या दिवशी दुपारी मी दाढी केली. शर्ट बदलला. मावशींनी माझ्यासमोर चहा ठेवला आणि त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

माळावर धुळीचा लोट दिसला. गाडी आली. थांबली. गाडीवाल्याने उतरून मागचं दार उघडलं.

मावशी पुढे झाल्या. "या बाई," म्हणाल्या. "दमलात." आणि त्यांनी हात पुढे करून एक बॅग घेतली. बॅग जड असावी. त्यांचा खांदा त्या बाजूला झुकला.

गाडीच्या दाराशी कुणी नव्हतं.

मी नीट पाहिलं. माझे डोळे उत्तम आहेत. गाडी, गाडीवाला, मावशी, फाटक, पलीकडचा माळ. सगळं स्पष्ट होतं.

मावशी कुणाच्या तरी चालीने हळूहळू आत येत होत्या. भिंतीजवळ त्या थांबल्या. तिथे कासव होतं. ते चारी पायांवर उंच झालं. त्याने मान वर काढली, आणखी वर, सुरकुत्या ताणल्या जाईपर्यंत, आणि डोळे मिटले.

मी उठून उभा राहिलो. तिला हाक मारली, घरी मारायचो तशीच.

मावशींनी व्हरांड्याकडे बोट केलं. "ते काय," त्या हसत म्हणाल्या, आणि त्यांचं हसू तसंच राहिलं. त्यांची नजर माझ्या खुर्चीवर होती, मग दुसऱ्या खुर्चीवर, मग दारावर.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "आत्ता तर इथेच होते."

मी तिथेच होतो. मी हललो नव्हतो. मी मावशींच्या वाटेत उभा राहिलो तर त्या न थांबता आल्या, आणि मीच बाजूला झालो.

त्यांनी आतल्या खोल्या पाहिल्या. मागचं आवार पाहिलं. परत आल्या, बाजूची खुर्ची पदराने पुसली, बसा म्हणाल्या. मग माझ्यासमोरचा कप उचलला. तो भरलेलाच होता, निवला होता. त्यांनी तो बाहेर ओतला, विसळला आणि त्यातच नवा चहा आणून खुर्चीसमोर ठेवला.

मी समोर बसलो.

माळावर ऊन होतं. मावशी हळू आवाजात कुणाचं तरी सांत्वन करत होत्या.

कपातला चहा कमी होत गेला. तळाशी दोन घोट राहिले तेव्हा थांबला. ती नेहमी तेवढाच उरवायची.